फवारलेलं अस्तर : कोईच्या तळ्याची गळती कशी थांबते?

"तळ्यात एक दिवसाआड पाणी घालावं लागतं. गवंड्याने दोनदा प्लास्टर करून दिलं, तरी गळती आहेच. आता सगळे सांगतात, मशीनने कोटिंग मारून घ्या, कायमचा प्रश्न मिटेल. खरंच मिटतो का?"

अंगणात कोई मासे पाळणाऱ्यांना कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. उत्तर 'हो' असं आहे, पण त्या 'हो'ला अटी आहेत. फवारलेलं अस्तर पाणी अडवतं. भिंत सांभाळत नाही. भिंत घट्ट, कोरडी आणि जागच्या जागी स्थिर असेल तर हे अस्तर वर्षानुवर्षं काम देतं. तशी नसेल तर कितीही महागडं अस्तर सोलून हातात येतं. हे असं का होतं, ते या प्रकरणात क्रमाने पाहू.

१. आधी मोजा, मग गळती म्हणा

उघड्या पाण्याची वाफ होतच असते. दख्खनच्या पठारावर एप्रिल-मेच्या कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत तळ्याची पातळी नुसत्या बाष्पीभवनाने दिवसाला पाच ते दहा मिलिमीटर उतरू शकते. कारंजं किंवा धबधबा असेल तर आणखी. म्हणून पातळी उतरली की लगेच गळती आहे असं समजू नये.

खात्री करण्याचा उपाय एका बादलीचा आहे. बादली तळ्याच्याच पाण्याने भरा, तळाशी एक दगड टाका आणि ती तळ्यातल्या पायरीवर अशी ठेवा, की तिचा काठ पाण्याच्या वर राहील. बादलीतल्या पाण्याच्या पातळीवर आतून खूण करा, तळ्याच्या पातळीवर भिंतीवर खूण करा. कारंजं बंद ठेवा. चोवीस तासांनी दोन्ही उतार मोजा. ऊन तेच, वारा तोच, पाण्याचं तापमानही जवळपास तेच. त्यामुळे बादलीतला उतार म्हणजे वाफ, आणि तळ्यात त्याहून जास्त झालेला उतार म्हणजे गळती.

एक उदाहरण घेऊ. तळं ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल आहे. त्यात ३ × २ × १.२ म्हणजे ७.२ घनमीटर, अर्थात ७,२०० लिटर पाणी मावतं. पृष्ठभाग ६ चौरस मीटरचा, म्हणून पातळी एक मिलिमीटर उतरली की ६ लिटर पाणी गेलं. बादली ७ मिलिमीटर उतरली आणि तळं १९ मिलिमीटर, तर गळती १२ मिलिमीटरची, म्हणजे रोज ७२ लिटर. महिन्याला दोन हजार लिटरहून अधिक पाणी तळ्याच्या पायाखाली मुरतंय. ही खरी गळती.

हाच प्रयोग पुन्हा एकदा पंप आणि फिल्टर चालू ठेवून करा. पंप चालू असतानाच गळती वाढत असेल तर दोष भिंतीत नसून पाइपात किंवा धबधब्याच्या कडेला आहे. ते प्लंबरचं काम आहे. अस्तर मारून तो सुटणार नाही.

२. पाणी वाट कुठून काढतं?

गळती आहे हे नक्की झालं की जागा शोधायची. एरवी रोज वरून घालतो ते पाणी थोडे दिवस थांबवा आणि पातळी उतरू द्या. ती एखाद्या उंचीवर येऊन थबकली तर छिद्र त्याच उंचीच्या आसपास असतं. मात्र माशांना पुरेल इतकं पाणी शिल्लक राहिलंच पाहिजे. नंतर सुई काढलेल्या सिरिंजमध्ये खाण्याचा रंग भरून संशयित भेगेजवळ अगदी हळू सोडा. पाणी स्थिर असेल तर रंग ढगासारखा तरंगत राहतो. भेग पाणी ओढत असेल तर त्या रंगाची बारीक रेघ होते आणि ती भेगेत शिरताना डोळ्यांना दिसते.

बहुतेक गळत्या तीन ठिकाणी सापडतात : तळ आणि भिंत जिथे मिळतात तो कोपरा, पाइप जिथे काँक्रीटमधून बाहेर पडतो ती जागा, आणि प्लास्टरमधल्या भेगा. सपाट भिंतीच्या मधोमध गळती त्या मानाने कमी असते. याचं कारण वजनात आहे. १.२ मीटर खोल पाण्याचा तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर १,२०० किलोचा भार पडतो. आपल्या उदाहरणातल्या तळ्याचा तळ ७,२०० किलो पेलतो आहे. खालची जमीन एका बाजूला जराशी जरी दबली, तरी ताण कोपऱ्यावर आणि पाइपाच्या तोंडाशी येतो.

काळ्या मातीत हा त्रास फार. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच गुणामुळे. अशा मातीवर बांधलेल्या तळ्याची गळकी बाजू भिजून वर उचलली जाते आणि कोरडी बाजू खाली बसते. मग भेग दर ऋतूत उघडते आणि मिटते.

म्हणून भेग मेलेली आहे की जिवंत, हे तपासायचं. पाण्याच्या वरच्या कोरड्या भागात भेगेवर आडवी, पातळ पीओपीची पट्टी ओढा आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा. काही आठवड्यांत पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे. पट्टी अखंड राहिली तर भेग बहुधा जुनी आणि शांत आहे, पण काळ्या मातीत एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ दिल्याशिवाय तसं समजू नये. पुढचे सगळे निर्णय या छोट्या पट्टीवर अवलंबून आहेत.

३. कोईला वेगळं तळं का लागतं?

कोई हा कार्प जातीचा मासा. जपानच्या निगाता प्रांतात, ओजिया आणि यामाकोशीच्या डोंगराळ भागात भातशेती करणाऱ्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात त्याच्या रंगीत जाती निवडून वाढवल्या. १९१४ साली टोकियोत भरलेल्या प्रदर्शनानंतर त्या जपानभर माहीत झाल्या. पुण्यातल्या पु. ल. देशपांडे उद्यानासारख्या जपानी धर्तीच्या बागा पाहून आपल्याकडेही अनेकांना अंगणात असं पाणी असावं असं वाटू लागलं.

निगातात कोई वाढवतात ती तळी साध्या चिकणमातीची असतात. चिकणमातीचे कण इतके बारीक की दाबून बसवल्यावर पाणी त्यातून फारसं झिरपत नाही. पण तिथेही अट तीच : जमीन स्थिर हवी. २३ ऑक्टोबर २००४ रोजी त्या भागात मोठा भूकंप झाला, डोंगरउतार घसरले आणि यामाकोशीतली पुष्कळ तळी फुटून मासे दगावले. मातीचं अस्तर चांगलंच होतं. त्याखालची जमीन हलली.

अंगणात मातीचं तळं चालत नाही, कारण कोईला तळ उकरत अन्न शोधायची सवय असते. त्याने मातीचं पाणी कायम गढूळ राहतं आणि मासे दिसतच नाहीत. शिवाय पूर्ण वाढलेला कोई दोन फुटांहून लांब होतो, त्याची घाणही तेवढीच. ती तळाशी साचू न देता पाइपाने फिल्टरकडे न्यावी लागते. म्हणून टणक, गुळगुळीत आणि उताराचा तळ हवा. तो आपण विटा आणि सिमेंटचा करतो.

इथे दुसरी अडचण येते. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत राहतो. पाणी आम्ल आहे की अल्कधर्मी, हे पीएच या आकड्याने मोजतात. ७ म्हणजे मधोमध. कोईला ७ ते ८.५ च्या आसपासचं पाणी मानवतं. ताज्या सिमेंटला लागून असलेलं पाणी १२ च्याही वर जाऊ शकतं आणि ते माशांचे कल्ले भाजून काढतं. म्हणजे अस्तराला दोन कामं करायची आहेत : पाणी आत ठेवायचं आणि सिमेंट बाहेर.

४. अस्तरांचे तीन मार्ग

पहिला मार्ग कागदाचा. शेततळ्यात ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा प्लास्टिक कागद अंथरतात. २०१६ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर तो गावोगावी पोचला. मोठ्या, सरळ उताराच्या तळ्याला तो स्वस्त आणि उत्तम. पण अंगणातल्या लहान, वळणदार तळ्यात त्याला घड्या पडतात. घड्यांत घाण साचते, तिथला प्राणवायू संपतो आणि रोगजंतूंना घर मिळतं.

दुसरा मार्ग ब्रशचा किंवा रोलरचा. सिमेंट आणि पॉलिमर एकत्र केलेलं दोन भागांचं मिश्रण, किंवा डब्यातून येणारं द्रव पॉलियुरेथेन, दोन-तीन हातांत लावतात. मोठं यंत्र लागत नाही आणि चांगला कारागीर हे काम नीट करतो. मात्र प्रत्येक हाताची जाडी सारखी ठेवणं आणि मधे वाळू देणं, याला चिकाटी लागते.

तिसरा मार्ग फवाऱ्याचा, मुख्यतः पॉलियुरियाचा. याला सांधा नसतो. कोपरा, पायरी, पाइपाचं तोंड, सगळीकडे एकच सलग कातडं तयार होतं. दीड ते तीन मिलिमीटर जाडी एका दिवसात मिळते. अडचण ही, की यंत्र मोठं, कारागीर प्रशिक्षित आणि चूक झाली तर ती दुरुस्त करायला वेळ जवळपास नाही.

'ब्लॅक जपान' किंवा गच्चीचं डांबरी कोटिंग मात्र माशांच्या तळ्यात कुणी सांगितलं तरी लावू नये. त्यातले घटक पाण्यात उतरू शकतात.

५. दोन द्रव आणि काही सेकंद

पॉलियुरियाचं यंत्र आत काय करतं, ते समजलं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतात.

दोन पिंपं असतात. एकात आयसोसायनेट नावाचं रसायन, दुसऱ्यात अमाइन गटाची रसायनं आणि रंग. दोन्ही समान मापात खेचली जातात, साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवली जातात आणि प्रचंड दाबाने दोन वेगळ्या नळ्यांतून बंदुकीपर्यंत येतात. तिथे ती एकमेकांवर आदळतात, मिसळतात आणि त्याच क्षणी बाहेर फवारली जातात. भिंतीवर पडलेला थर खाली ओघळायच्या आत, काही सेकंदांतच, घट्ट होतो. काही मिनिटांनी त्यावर पाय ठेवता येतो. रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब, लवचिक जाळं बनलेलं असतं.

आयसोसायनेटच्या या रसायनशास्त्राचा पाया जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ साली पॉलियुरेथेन तयार करताना घातला. फवारायचं पॉलियुरिया अमेरिकेत १९८०च्या दशकात पुढे आलं.

आयसोसायनेटला पाण्याचंही आकर्षण आहे. पाण्याशी त्याचा संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि थरात बुडबुडे राहतात. शुद्ध पॉलियुरियात अमाइन इतक्या झपाट्याने जोडलं जातं की पाण्याला संधी फारशी मिळत नाही. पॉलियुरेथेनमध्ये जोडणी सावकाश होते, म्हणून ओलाव्याचा त्रास अधिक. बाजारात या दोघांचं मिश्रण असलेला 'हायब्रिड' प्रकारही स्वस्तात मिळतो. म्हणून 'पॉलियुरिया मारतो' एवढ्या उत्तरावर न थांबता तो शुद्ध आहे की हायब्रिड, हे विचारून लेखी घ्यावं.

दोन द्रवांचं माप बिघडलं तर काय होतं? एक पिंप थंड राहिलं, नळीत कचरा अडकला, तर एखादा पट्टा चिकट राहतो किंवा ठिसूळ होतो. असा पट्टा वाट पाहून कधीच पिकत नाही. तो कापून काढून तिथे पुन्हा फवारावं लागतं. चिकट राहिलेलं रसायन माशांच्या पाण्यात राहू देणं धोक्याचं आहे.

६. लवचिक अस्तर भेगेवर का फाटतं?

पत्रकात लिहिलेलं असतं, '३०० टक्के ताणलं जातं'. म्हणजे १० सेंटिमीटरची पट्टी ४० सेंटिमीटरपर्यंत ताणता येते. मग एक मिलिमीटरच्या भेगेवर तेच अस्तर का फाटावं?

अस्तर भेगेच्या दोन्ही बाजूंना भिंतीला घट्ट चिकटलेलं असतं. केसाएवढी भेग उघडून एक मिलिमीटरची झाली, तर तो सगळा ताण भेगेच्या बरोबर वरच्या, केसाएवढ्याच भागाला सोसावा लागतो. बाजूचं अस्तर भिंतीला चिकटलेलं असल्यामुळे मदतीला येऊ शकत नाही. शून्याचं एक मिलिमीटर होणं ही ताणण्याच्या पलीकडची गोष्ट आहे.

उपाय असा : जिवंत भेगेवर आधी पाच सेंटिमीटर रुंदीची, अस्तराला न चिकटणारी पट्टी लावायची आणि तिच्यावरून फवारायचं. आता भेग एक मिलिमीटर उघडली तर ताण ५० मिलिमीटर लांबीवर वाटला जातो. ५० चे ५१ झाले, म्हणजे फक्त २ टक्के. हे अस्तर सहज सोसतं. पीओपीच्या पट्टीचा प्रयोग एवढ्याचसाठी करायचा असतो. कोणती भेग नुसती भरायची आणि कोणत्या भेगेवर मोकळी पट्टी ठेवायची, हे त्यावरून ठरतं.

७. भिंत तयार करणं : खरं काम इथे आहे

आपल्या उदाहरणातल्या तळ्यावर प्रत्यक्ष बंदूक चालेल ती फार तर तासभर. त्याआधीची तयारी काही दिवसांची असते, आणि अस्तराचं आयुष्य त्या दिवसांत ठरतं.

पहिलं काम, प्लास्टर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहायचं. घट्ट प्लास्टर खणखणीत वाजतं, सुटलेलं पोकळ वाजतं. पोकळ वाजणारा प्रत्येक तुकडा काढून नव्याने भरायचा. अस्तर प्लास्टरला चिकटतं. प्लास्टरच विटेपासून सुटलेलं असेल तर अस्तर त्याच्यासकट निघतं. नवं सिमेंटकाम असेल तर त्याला पिकायला आणि सुकायला महिनाभर द्यावा.

दुसरं, शेवाळ, जुना रंग आणि सिमेंटची वरची पिठूळ साय ग्राइंडरने घासून काढायची. हात फिरवला तर बोटांना पांढरी पूड लागू नये आणि पृष्ठभाग बारीक सँडपेपरइतका खरखरीत लागावा. उघडी पडलेली छिद्रं इपॉक्सी पुट्टीने भरायची.

तिसरं, कोपरे. तळ आणि भिंतीच्या काटकोनात फवारा नीट पोचत नाही आणि ताणही तिथेच येतो. गवंडी तिथे मॉर्टरचा गोलसर 'वाटा' काढतात. तो सगळीकडे हवा, पायऱ्यांच्या आतल्या कोपऱ्यांतही.

चौथं, पाइप. पीव्हीसीवर काहीही सहजी चिकटत नाही. पाइपाचं तोंड खरवडून, पुसून, त्यासाठीचं वेगळं प्रायमर लावावं लागतं. तळाशी बॉटम ड्रेन असेल तर अस्तर त्याच्या फ्लँजखाली जाऊन वरून रिंग आणि स्क्रूने दाबलं गेलेलं उत्तम.

पाचवं आणि सर्वांत महत्त्वाचं, ओलावा. वरून कोरडी दिसणारी भिंत आतून ओली असते. तपासायला साधारण दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडा चिकटपट्टीने भिंतीवर हवाबंद करा आणि रात्रभर, निदान सोळा तास, राहू द्या. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दवाचे बारीक थेंब दिसले, किंवा उचलल्यावर खालचं सिमेंट शेजारच्यापेक्षा काळपट दिसलं, तर भिंत तयार नाही. तळावर एक आणि प्रत्येक भिंतीवर एक, असे तुकडे लावावेत. सावलीतली भिंत सर्वांत उशिरा सुकते.

ओल्या भिंतीवर फवारलं तर भाकरीसारखं होतं. तव्यावरून विस्तवावर टाकलेल्या भाकरीत आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि वरचा पापुद्रा फुगून सुटतो. भिंतीतला ओलावा उन्हाने तापला की अस्तराखाली हेच घडतं. भाकरी फुगायलाच हवी. अस्तराचा फुगा मात्र एक दिवस फाटतो.

हे सगळं झाल्यावर इपॉक्सी प्रायमर. तो सिमेंटच्या छिद्रांत शिरून पकड देतो. प्रायमरनंतर किती तासांच्या आत फवारायचं, याची मर्यादा उत्पादकाने दिलेली असते. ती टळली तर प्रायमर पुन्हा खरवडून नव्याने लावावा लागतो.

८. फवारणीचा दिवस

हवेतला ओलावा थंड पृष्ठभागावर दव होऊन बसतो. ज्या तापमानाला हे सुरू होतं त्याला दवबिंदू म्हणतात. भिंत दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम असली पाहिजे. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असताना एक सोपा हिशेब चालतो : १०० टक्क्यांपेक्षा जितकी कमी, त्यातल्या दर पाच टक्क्यांना एक अंश वजा. कोकणात तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर कमतरता १५, म्हणून ३ अंश वजा, दवबिंदू साधारण २५. भिंत किमान २८ अंश हवी. सकाळी सावलीतली भिंत त्याहून थंड असू शकते. म्हणजे त्या वेळी थांबायचं.

दुसरी वेळेची गोष्ट. सकाळी ऊन चढताना भिंत तापत जाते, तिच्या छिद्रांतली हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि ताज्या थरात सुईच्या टोकाएवढी छिद्रं पाडते. दुपार कलल्यावर भिंत निवू लागते तेव्हा हा त्रास कमी होतो. म्हणून कोरड्या हवेतली दुपारनंतरची वेळ बरी. महिन्यांचा विचार केला तर आपल्याकडे फेब्रुवारी-मार्च सगळ्यांत सोयीचे. हवा कोरडी असते आणि तात्पुरत्या टाकीत ठेवलेल्या माशांना उन्हाची झळही लागत नाही.

आता मालाचा हिशेब. तळ ६ चौरस मीटर. भिंती : ३ × १.२ च्या दोन आणि २ × १.२ च्या दोन, मिळून १२. वरच्या काठावर २० सेंटिमीटर वळवून घ्यायचं म्हणून १० मीटर परिघाचे आणखी २. एकूण २० चौरस मीटर. दोन मिलिमीटर जाडीला ४० लिटर माल लागतो. उडून जाणारा आणि खडबडीत पृष्ठभागात मुरणारा धरून ४५ लिटरच्या आसपास. कंत्राटदाराने २५ लिटरचा हिशेब दिला, तर जाडी दोन मिलिमीटर येणार नाही, हे कागदावरच कळतं.

फवारणीच्या वेळी उडणारा आयसोसायनेटचा तुषार श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. तळं हा खड्डा असल्याने तुषार तिथे साचतो. कारागिराला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून हे काम करू देऊ नये. घरातली माणसं, पाळीव जनावरं आणि शेजारची वाहनं दूर ठेवावीत, खिडक्या बंद असाव्यात. हे घरच्या घरी करून पाहायचं काम नाही.

थर घट्ट झाल्यावर छिद्रं शोधायची. एक मार्ग डोळ्यांचा : बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाकला की प्रत्येक छिद्राची आणि फुगीची सावली पडते. दुसरा मार्ग स्पार्क टेस्टरचा : विजेच्या दाबाचा ब्रश अस्तरावरून फिरवतात, छिद्र असेल तिथे ठिणगी उडते. काँक्रीटवर त्यासाठी खाली वीजवाहक प्रायमर लागू शकतो, म्हणून हे आधीच ठरवावं. सापडलेली छिद्रं त्याच दिवशी बुजवली तर नवा माल जुन्याला सहज धरतो.

रंगाबद्दल एक गोष्ट. नेहमीचं पॉलियुरिया उन्हात पिवळट आणि निस्तेज होतं. ऊन सोसणारा 'अॅलिफॅटिक' प्रकार महाग असतो. पाण्याखाली शेवाळाचा थर बसतोच, त्यामुळे काळा किंवा गडद राखाडी रंग घेतला तर वेगळा खर्च करायची गरज बहुधा फक्त काठापुरती उरते. काळ्या तळावर कोईचे रंगही उठून दिसतात.

९. मासे कुठे ठेवायचे, परत कधी सोडायचे?

तात्पुरती टाकी जितकी मोठी तितकी चांगली. हलवण्याआधी एक-दोन दिवस खाणं बंद ठेवावं, म्हणजे टाकीत घाण कमी होते. पाणी तळ्यातलंच भरावं, हवेचा पंप लावावा आणि वर जाळी बांधावी. नव्या जागेत कोई उड्या मारतो.

लोक माशांची काळजी घेतात आणि फिल्टर विसरतात. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, तो विषारी असतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग फारसं अपाय न करणारं नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरच्या जाळीवर आणि स्पंजवर राहतात आणि त्यांना ओलावा व प्राणवायू लागतो. फिल्टर दोन दिवस कोरडा पडला, किंवा नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने धुतला, की ते मरतात. म्हणून फिल्टर तात्पुरत्या टाकीवर चालूच ठेवायचा.

अस्तर हाताला मिनिटांत कोरडं लागतं, तरी पूर्ण पिकायला कित्येक दिवस घेतं. उत्पादकाने सांगितलेले दिवस पाळावेत. मग तळं धुऊन भरावं, दोन-तीन दिवस पाणी राहू द्यावं, पीएच तपासावा आणि ते पाणी काढून टाकावं. पुन्हा भरून क्लोरीन घालवावा. आता बादलीचा प्रयोग पुन्हा करावा. तळं आणि बादली सारखीच उतरली, पीएच स्थिर राहिला, तर आधी एक-दोन मासे सोडावेत आणि काही दिवसांनी बाकीचे. पहिले काही आठवडे खाणं कमी ठेवून अमोनिया तपासत राहावं.

१०. केव्हा फवारू नये?

भेगा अजून हलत असतील आणि पाया खचत असेल, तर आधी पाया. अस्तराचा खर्च त्यात घालावा.

कोकणात, गोव्यात पावसाळ्यात भूजल अंगणाच्या पातळीजवळ येतं. त्या वेळी तळं रिकामं केलं तर बाहेरचं पाणी आत ढकलतं. बाहेरची पातळी तळापेक्षा अर्धा मीटर जरी वर असली, तरी तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ५०० किलोचा दाब अस्तराला मागून सोलतो. अशा जागी तळ्याभोवती खडीचा निचरा करून घ्यावा, आणि पावसाळ्यात तळं कधीही रिकामं करू नये.

तळं अगदीच लहान असेल तर यंत्र आणण्याचा खर्च मालापेक्षा जड होतो. तिथे ब्रशने लावायचं, माशांना सुरक्षित असं मिश्रण निवडणं शहाणपणाचं.

बाकी सर्व ठिकाणी कंत्राटदाराला सहा गोष्टी विचारून लेखी घ्या : माल शुद्ध पॉलियुरिया आहे का, पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी त्याला प्रमाणपत्र आहे का, जाडी किती आणि ती कशी मोजून दाखवणार, ओलाव्याची तपासणी कोण करणार, पाइपांच्या तोंडाशी काय करणार, आणि छिद्रं कशी शोधणार. जो कंत्राटदार प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चिकटवून दुसऱ्या दिवशी यायला तयार आहे, त्याला काम द्यावं. 'ओलं असलं तरी चालतं' म्हणणाऱ्याचा दर कितीही कमी असला तरी नकार द्यावा, कारण सुटलेलं अस्तर खरवडून काढण्याचा खर्च ते लावण्याहून जास्त येतो, आणि तोवर मासे पुन्हा टाकीत राहतात.